गोमुखासन करताना खुबे आणि खांदे कसे सांभाळायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोमुखासनाबद्दल जे प्रश्न सारखे येतात ते सगळे इथे एकत्र केलेत. निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार दोनपैकी एक असते, पाठीमागे हात लागत नाहीत नाहीतर गुडघे एकावर एक येत नाहीत. खरं सांगायचं तर या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. ताण खुब्यात आणि खांद्यात आला, गुडघा आणि कंबर शांत राहिली, की आसन बरोबर चाललंय. काही दुखणं किंवा ऑपरेशन झालेलं असेल तर आधी खालचे प्रश्न ९ ते १५ वाचा आणि मगच करायला घ्या.

१. गोमुखासनात नेमकं काय करतात आणि त्याने मोकळं काय होतं?

बसून एक मांडी दुसरीवर अशी टाकायची की दोन्ही गुडघे बरोबर मधोमध एकावर एक येतील आणि पावलं दोन्ही बाजूंना नितंबांशेजारी जातील. मग एक हात वरून, एक हात खालून पाठीमागे नेऊन बोटं एकमेकांत अडकवायची. पायांमुळे नितंबाचे खोलवरचे स्नायू आणि खुब्याची बाहेरची बाजू ताणली जाते. हातांचं काम जास्त इंटरेस्टिंग आहे, कारण वरचा हात खांद्यातून बाहेरच्या दिशेने वळतो आणि खालचा आतल्या दिशेने, म्हणजे दोन खांद्यांत एकाच वेळी दोन उलट्या हालचाली चालू असतात. वरच्या हाताला दंडाची मागची बाजू आणि काखेखालचा मोठा स्नायू ताणला जातो, खालच्या हाताला खांद्याची पुढची बाजू.

२. मी पहिल्यांदाच करतेय, स्टेप बाय स्टेप सांगाल का?

आधी बसायला उंची घ्या. जाड ब्लँकेटची घडी, कडक उशी, योगा ब्लॉक, जे असेल ते, आणि त्याच्या पुढच्या कडेवर बसा. ही स्टेप लोक सर्रास गाळतात आणि मग पुढचं सगळं बिघडतं. पाय समोर लांब करा, डावा पाय दुमडून डावी टाच उजव्या नितंबाशेजारी आणा, मग उजवी मांडी वरून टाकून उजवं पाऊल डाव्या नितंबाशेजारी. हाताने पाय उचलून ठेवला तरी चालेल, पण पाऊल पकडून खेचायचं नाही, हात मांडीखाली घालून अख्खा पाय उचलायचा, म्हणजे वळण खुब्यातून येतं. आता दोन्ही बाजूंना सारखं वजन येतंय का बघा. नसेल तर प्रश्न ४.

हात आधी खालचा. डावा हात बाजूला काढा, अंगठा जमिनीकडे वळवा, कोपरात दुमडून हाताची मागची बाजू कमरेवर टेकवा आणि तिथून हळूहळू मणक्यावरून वर सरकवा. मग उजवा हात सरळ वर, तळवा मागच्या बाजूला वळवून कोपरात दुमडा, तळवा मानेखाली पाठीवर येईल. बोटं भेटली तर अडकवा, नाही भेटली तर प्रश्न ५. पाच सावकाश श्वास, मग आधी हात सोडा, नंतर पाय, आणि दोन्ही पाय समोर लांब करून थोडे हलवा. मग दुसरी बाजू.

कोणत्या पायाबरोबर कोणता हात वर, यावर बरेच वाद होतात. काही ठिकाणी ज्या बाजूचा गुडघा वर त्याच बाजूचा हात वर असं शिकवतात, काही शिक्षक उलट शिकवतात. दोन्ही चालतं, फक्त दोन्ही बाजू करा.

३. गुडघे एकावर एक येतच नाहीत, वरचा गुडघा हवेत लटकतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा काहीच चुकत नाहीये. खुब्याच्या सांध्याची खोबण किती खोल आहे आणि मांडीचं हाड तिच्यात कोणत्या कोनात बसतं हे प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे दोन माणसं सारखीच लवचिक असली तरी एकाचे गुडघे जुळतात आणि दुसऱ्याचे चार बोटं अंतर ठेवूनच थांबतात. स्नायू आखडले असतील तर सरावाने हळूहळू फरक पडतो, हाडाला हाड लागत असेल तर नाही पडणार आणि तिथे जोर करूही नका. मधल्या गॅपमध्ये टॉवेलची गुंडाळी किंवा छोटी उशी घाला, वरच्या मांडीला आधार मिळाला की नितंबाचा स्नायू आपोआप सैल पडतो. वरून हाताने गुडघा दाबणं, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या कुणाला दाबायला सांगणं, हे अजिबात नको.

४. एका बाजूचं बूड उचललं जातं आणि मी तिरकीच बसते, चालतं का?

नाही चालत, ही गोष्ट आधी दुरुस्त करा. एका बाजूला कललात की कणा वाकडा होतो, कमरेचा एकच भाग दाबला जातो, आणि वर हाताचं काम करताना तोच वाकडेपणा खांद्यात जातो. बसायची उंची वाढवा. तरी एक बाजू उचलत असेल तर फक्त त्या बाजूखाली पातळ घडी सरकवा. ओळखायची खूण सोपी आहे, बसल्यावर खाली टोचणारी दोन हाडं दोन्हीकडे सारखी जाणवली पाहिजेत. माकडहाडावर बसल्यासारखं वाटत असेल तर पाठीला पोक आलेला आहे, म्हणजे उंची अजून कमी पडतेय. काहींना खालच्या टाचेवर बसायला शिकवलेलं असतं, त्यात घोट्यावर आणि गुडघ्यावर भार जास्त येतो, सवय असेल आणि काही त्रास नसेल तरच तसं बसा.

५. मागे हात एकमेकांना लागतच नाहीत, एक वीतभर अंतर राहतं. कधी लागणार?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. उपाय म्हणजे पट्टा, नाहीतर साधा टॉवेल. वरच्या हातात टॉवेलचं एक टोक धरा, तो पाठीवर लोंबू द्या, खालच्या हाताने जिथे सापडेल तिथे पकडा आणि मग बोटांनी चिमटीत घेत घेत इंच इंच वर चढा. जिथे श्वास अडखळतो तिथे थांबा. खेचाखेची करायची नाही, टॉवेल ताठ राहील एवढाच दोन्हीकडून ताण ठेवायचा.

पण त्याआधी आरशात बाजूने स्वतःला बघा किंवा मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण हात भेटवायच्या नादात तीन गोष्टी हमखास होतात. छातीच्या बरगड्या पुढे फुगतात आणि कमरेत मोठा बाक येतो, म्हणजे जी हालचाल खांद्यातून व्हायला हवी ती कंबर करते. वरचा दंड डोक्याला मागून ढकलतो आणि हनुवटी छातीकडे खाली जाते, तेव्हा मान दुखते ती यामुळे. आणि खालच्या बाजूचा खांदा पुढे गोल वळतो, खांद्याच्या फऱ्याचा (पाठीवरच्या सपाट हाडाचा) खालचा कोपरा जणू पाठीपासून दूर पळतो. या तिन्ही गोष्टी सुधारल्या की हातांमधलं अंतर आधीपेक्षा वाढेल. वाढू दे. बरगड्या आत, डोकं ताठ, आणि हातात टॉवेल, हे कमरेत वाकून बोटं अडकवण्यापेक्षा कितीतरी चांगलं गोमुखासन आहे.

कधी लागणार याचं उत्तर मात्र तारीख लावून देता येत नाही. ज्यांचा दंड जाड आहे, हात तुलनेने आखूड आहेत किंवा खांद्याभोवती भरपूर स्नायू आहेत, त्यांचे हात कदाचित कधीच भेटणार नाहीत, आणि त्याने फायद्यात काही कमी होत नाही.

६. एका बाजूला सहज जमतं, दुसऱ्या बाजूला अजिबात नाही. काही गडबड आहे का?

जवळजवळ सगळ्यांनाच असं होतं. ज्या हाताने आपण लिहितो, फेकतो, उचलतो तो हात खालून मागे नेताना बहुतेकांना जास्त आखडलेला वाटतो, म्हणून उजवे असणाऱ्यांना उजवा हात वर असताना सोपं जातं. अवघड बाजू थोडी जास्त वेळ करा, म्हणजे सोप्या बाजूला पाच श्वास तर तिकडे आठ, नाहीतर अवघड बाजू दोनदा. फरक वाढत चालला असेल, आधी जमत होतं आणि आता हात मागे जाईनासा झालाय, तर मात्र तो वेगळा विषय आहे, प्रश्न १२ बघा.

७. आधी वॉर्मअप लागतोच का? सकाळी उठल्या उठल्या केलं तर?

लागतो. सकाळी अंग ताठ असतं, थेट यात बसलात तर खुबा वळत नाही आणि वळण गुडघ्यावर येतं. पाच-सात मिनिटं पुरतात: हातापायांवर येऊन मार्जारासन, खांदे गोल फिरवणं, आणि पाठीवर झोपून एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून मांडी छातीकडे ओढणं. हा शेवटचा प्रकार माझ्या मते या आसनाची सगळ्यात चांगली तयारी आहे, नितंबाचा तोच भाग ताणला जातो आणि पाठ जमिनीवर असल्यामुळे कंबर सांभाळली जाते. संध्याकाळी केलं तर अंग तसंही मोकळं असतं. पोटभर जेवण झालं असेल तर तीन-चार तास जाऊ द्या.

८. किती वेळ धरायचं, रोज करायचं का?

सुरुवातीला एका बाजूला पाच श्वास, म्हणजे साधारण अर्धा मिनिट. नंतर एक मिनिटापर्यंत जा. रोज केलं तरी चालतं, एक दिवसाआड केलं तरी फरक दिसतो. आठवड्यातून एकदाच पण दहा मिनिटं ताणून धरणं, हे मात्र नको.

९. दुखतंय ते चांगलं दुखणं की वाईट, कसं ओळखायचं?

जागा बघा आणि जात बघा. नितंबाच्या मांसल भागात, खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, दंडाच्या मागे किंवा खांद्याच्या पुढे रुंद, बोथट ओढ जाणवत असेल आणि श्वास नीट चालू असेल तर ठीक. एका बोटाने दाखवता येईल असं टोचणं, सांध्याच्या आत कळ, चमक भरणं, आग होणं, मुंग्या किंवा बधिरपणा, यातलं काहीही आलं की त्याच क्षणी बाहेर यायचं. आणि आसन सोडल्यावर दुखणं एक-दोन मिनिटांत निघून गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे आंबले तर हरकत नाही, सांधा दुखत राहिला तर आदल्या दिवशी जास्त झालं.

१०. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं. गुडघा मोकळा व्हायला वेळ लागतो का?

गुडघ्याला या आसनात मोकळं करायचंच नाहीये, हा गैरसमज आधी काढून टाका. गुडघा मुख्यतः दुमडतो आणि उलगडतो, बाजूला वळण्याची त्याची ताकद अगदी थोडी असते. वळायचं काम खुब्याचं. खुबा जेवढा वळत नाही तेवढा फरक गुडघ्यावर येतो, आणि मग आतल्या लिगामेंटवर (हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावर) आणि गुडघ्यातल्या गादीवर ताण पडतो. म्हणून गुडघ्यात दुखलं की सहन करत बसायचं नाही, लगेच बदल करायचा.

आधी बसायची उंची वाढवा. मग खालचा पाय समोर सरळच ठेवा आणि फक्त वरचा दुमडा, बऱ्याच जणांचा त्रास इथेच थांबतो. पावलं पुढे-मागे सरकवताना एक लक्षात घ्या, पावलं नितंबांपासून पुढे नेली की गुडघा कमी दुमडतो पण खुब्यावर वळण्याचा भार वाढतो, म्हणजे हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही, पोटरी आणि मांडी दाबली जाऊन दुखत असेल तर उपयोगी, आतल्या बाजूला वळल्यासारखं दुखत असेल तर उलट त्रास वाढेल. गादी फाटलेली असेल, गुडघा अडकत असेल, सूज असेल तर पायांचा भाग पूर्ण सोडा आणि पाठीवर झोपून करायचा प्रकार (प्रश्न ७) गुडघ्याला चालतोय का ते फिजिओला विचारून करा.

११. पाय बधिर होतो, पावलाला मुंग्या येतात. नॉर्मल आहे का?

कॉमन आहे, पण धरून बसण्यासारखं नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, एक नस हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते, पायावर पाय टाकल्यावर ती दाबली जाते आणि पावलाची वरची बाजू बधिर होते. बसायची उंची वाढवून, वेळ कमी करून बघा. पाय सोडल्यावर मुंग्या लगेच गेल्या तर काळजी नाही. थोड्या वेळाने सुद्धा पाऊल वर उचलता येत नसेल किंवा बधिरपणा टिकला तर डॉक्टरांना दाखवा. हाताला मुंग्या आल्या तरी नियम तोच, टॉवेल लांब धरा नाहीतर सोडा.

१२. मला फ्रोझन शोल्डर आहे, या आसनाने सुटेल का?

जोर लावून नाही सुटणार, उलट चिडेल. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरणच जाड आणि ताठ होतं. आधी दुखण्याचा काळ, मग ताठरपणाचा, मग हळूहळू सुटण्याचा, असा तो जातो आणि पूर्ण व्हायला एक ते तीन वर्षंही लागू शकतात. डायबेटिस आणि थायरॉईड असणाऱ्यांमध्ये हे जास्त दिसतं, आणि खालून हात पाठीमागे नेणं ही हालचालही लवकर जाते, ब्लाऊजचे किंवा ब्राचे हुक लावताना पहिल्यांदा लक्षात येतं ते यामुळेच. त्यामुळे ज्यांना एका बाजूला हात हळूहळू मागे जाईनासा झालाय आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, त्यांनी आसन वाढवण्याआधी तपासून घ्यावं. दुखण्याच्या काळात गोमुखासनाचे हात बंद. पुढे फिजिओने हो म्हटलं की टॉवेल घेऊन, वरच्या हाताने टॉवेल अगदी हलका वर ओढायचा, दुखण्याच्या अलीकडेच थांबायचं.

१३. खांदा पूर्वी निखळला होता, आता काही त्रास नाही. करू का?

त्या खांद्याचा हात वर नेऊ नका. खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो, आणि हात वर उचलून बाहेर वळवणं ही त्यासाठी सगळ्यात नाजूक पोझिशन असते, गोमुखासनातला वरचा हात तिच्या अगदी जवळ जातो. सध्या त्रास नाही याचा अर्थ सैल झालेलं आवरण घट्ट झालं असा नाही. गरुडासनातले हात घ्या, छातीसमोर कोपरं एकमेकांवर, किंवा नुसतं स्वतःला मिठी मारा. पाय नेहमीसारखे करा.

१४. सायटिका किंवा स्लिप डिस्क असेल तर? कुणी म्हणतं कर, कुणी म्हणतं नको.

दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण पायात उतरणारी कळ दोन वेगवेगळ्या कारणांनी येते. नितंबातला पिरिफॉर्मिस नावाचा खोलवरचा स्नायू आखडून नस दाबली जात असेल तर या ताणाने बऱ्याचदा आराम पडतो. मणक्याच्या गादीमुळे येत असेल तर पोक काढून बसणं आणि पुढे वाकणं त्रास वाढवतं, आणि गोमुखासनात तर अनेक जण वरून पुढे वाकतात. तपासायची खूण: करताना किंवा नंतर कळ खाली पोटरीकडे, पावलाकडे सरकली तर थांबा, कळ वर कमरेकडे गोळा होत गेली तर दिशा बरी आहे. निदान झालेलं नसेल तर बसून करूच नका, पाठीवर झोपून करा. लघवी किंवा शौचावरचा ताबा जातोय, मांड्यांच्या मधला भाग बधिर होतोय असं असेल तर सगळं सोडून लगेच हॉस्पिटल गाठा.

१५. प्रेग्नन्सीत, पाळीत, खुबा बदलल्यावर चालतं का?

पाळीत बरं वाटत असेल तर खुशाल करा. प्रेग्नन्सीत हार्मोन्समुळे लिगामेंट सैल पडतात, ताण कमी जाणवतो आणि नकळत जास्त होतं, शिवाय माकडहाडाच्या वर किंवा जांघेच्या मध्ये दुखणाऱ्यांना पायावर पाय टाकणं नको असतं. मांडी घालून किंवा खुर्चीत बसून फक्त हात करा, पुढे वाकू नका. खुबा बदललेला असेल तर पायांचा भाग करायचा नाही. पाय मध्यरेषा ओलांडून पलीकडे नेणं हीच हालचाल ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना मना केलेली असते, नेमकं काय आणि किती दिवस ते तुमच्या सर्जनलाच विचारा.

१६. पायांचं आणि हातांचं वेगवेगळं केलं तर ते गोमुखासन राहतं का?

हो, बिनधास्त करा. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात या आसनाचं जे वर्णन आहे त्यात उजवा घोटा डाव्या नितंबाच्या बाजूला आणि डावा उजव्याच्या बाजूला ठेवा, एवढंच सांगितलंय, हातांचा उल्लेखच नाही. हात वज्रासनात बसून करा, खुर्चीत करा, उभं राहून करा. खुर्चीत पायांसाठी एक घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवायचा, पाठ ताठ ठेवून खुब्यातून किंचित पुढे झुकायचं, ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांना यानेही नितंबात छान ताण येतो.

१७. बसल्यावर जांघेत पुढून टोचतं, नितंबात काहीच जाणवत नाही. अजून पुढे वाकू का?

नको. पुढून टोचणं म्हणजे मांडीचं हाड आणि खोबणीची कड यांच्यामध्ये काहीतरी चिमटलं जातंय, ताणायचा स्नायू तिथे नाहीच. उंच बसा, पाय कमी क्रॉस करा, वरचा गुडघा थोडा बाहेरच्या बाजूला जाऊ द्या. तरी टोचत असेल तर हे आसन तुमच्या खुब्याला जुळत नाही, आणि चालताना किंवा जिना चढतानाही तिथे दुखत असेल तर दाखवून घ्या.

१८. मी आधीच खूप लवचिक आहे, पहिल्या दिवशीच सगळं जमलं पण काही ताण जाणवत नाही. अजून खोल कसं जाऊ?

खोल जाऊ नका. ज्यांची कोपरं आणि गुडघे सरळ केल्यावर उलटे वाकतात, अंगठा वाकवून मनगट ते कोपर या भागाच्या आतल्या बाजूला टेकतो, त्यांचे सांधे मुळातच सैल असतात आणि ताण जाणवेपर्यंत जायला गेलं की ताण स्नायूवर न येता लिगामेंटवर येतो. तुम्ही अडकवलेले हात एकमेकांपासून दूर ओढल्यासारखा जोर लावा, पण सोडू नका, पाच श्वास. पायात दोन्ही गुडघे एकमेकांवर हलके दाबून धरा. जेवढं अंतर जाता येतं त्याच्या पाऊण भागातच थांबा आणि तिथे स्नायूंना काम करू द्या, दोन-तीन आठवड्यांत त्याच जागी जास्त स्थिर वाटायला लागेल.